आत्यांची टूथपेस्ट

मामांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि आपली दाढ जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"बघा," ते म्हणाले.

आम्ही बघितलं. एका बाजूनं काळी पडलेली, तिन्ही मुळांसकट निघालेली दाढ पोह्यांच्या बशीशेजारी आडवी पडली होती.

"अहो, उचला ते आधी," आत्या ओट्यापासून म्हणाल्या. "हाडूक हाय ते. जेवायच्या जागंवर ठेवत्यात व्हय?"

"हाडूक नव्हे, पुरावा आहे," मामा म्हणाले.

मामा म्हणजे माझे सासरे, श्रीपाल मगदूम. आमच्या जयसिंगपूरच्या बाजूला सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. माझं लग्न होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते आणि त्या घरात कशावर हसायचं नि कशावर नाही, हे मला अजून नीट उमगलं नव्हतं. म्हणून मी दाढेकडे गंभीरपणे बघत राहिले.

मामांची सारी हयात दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेली होती. दुधात पाणी आहे की नाही, हे ते कॅनचं झाकण उघडायच्या आत आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखत, असं ते स्वतःच सांगत. निवृत्त झाले आणि तपासायला दूध उरलं नाही, तेव्हा त्यांना घर मिळालं. गव्हात माती किती, गॅस सिलिंडर भरलेला आहे का, पेपरवाला पुरवणी गाळतो का, सगळं तपासून होई. आदल्या संध्याकाळी गावातल्या दाताच्या डॉक्टरानं त्यांची दाढ काढली होती आणि काढता काढता सहज म्हणाला होता, "काका, ब्रश नीट होत नाही तुमचा."

हे त्यांना दाढेपेक्षा जास्त दुखलं होतं.

"मी जन्मभर लोकांच्या दुधात दोष काढले," मामा म्हणाले, "आणि हा कालचा पोरगा माझ्या ब्रशात दोष काढतो! ब्रश करणारा तोच, हात तोच, दात तेच. मग बदललं काय? टूथपेस्ट! दोष पेस्टमध्ये आहे. आज रविवार आहे, सगळे घरी आहेत. या घरात योग्य टूथपेस्ट कुठली, याचा आज निकाल लागला पाहिजे. सन्मती, घरातल्या सगळ्या टूबा घेऊन ये."

मी न्हाणीघरात गेले. मामांची लवंगेच्या वासाची लाल पेस्ट होती, माझे यजमान सुकुमार यांची निळी जेल होती आणि मी माहेराहून आणलेली पांढरी होती. आणखी काही सापडतं का म्हणून मी बेसिनखाली वाकले, तर जुन्या साबणाच्या डबीत कात्रीनं उभ्या चिरलेल्या टूबा दिसल्या. लाल, निळी, आणि मी गेल्या आठवड्यात संपली म्हणून टाकलेली माझी पांढरीसुद्धा.

"त्या ऱ्हाऊ दे," आत्या मागून म्हणाल्या. "माझ्या हायत."

"चिरलेल्या?"

"तुमी संपली म्हणून टाकता. आत लई असती. बोटानं काढली की महिना निघतो."

मला त्यांच्या काटकसरीचं कौतुक वाटलं. माझी आईही तेलाचा डबा उलटा टांगून ठेवायची.

मी तीन टूबा टेबलावर मांडल्या. मामांनी विचारलं, "एवढ्याच?"

"आत्यांची वेगळी नाही."

"तिचं काय, ती कशानंही घासते," मामा म्हणाले आणि चष्मा चढवून टूबांच्या पाठी वाचू लागले.

तेवढ्यात दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, भरतेश चौगुले. ते पतसंस्थेत नोकरीला होते. पण खरा जीव त्यांचा एका साखळी पद्धतीनं माल विकणाऱ्या कंपनीत होता. ती कंपनी साबणापासून प्रोटीन पावडरीपर्यंत सगळं विकायची आणि दर रविवारी दाजी आम्हाला आयुष्य बदलायची संधी द्यायचे. त्या दिवशी विषय कानावर पडताच त्यांनी उभ्याउभ्याच बॅगेतून आपली हिरवी टूब काढली.

"मामा, योग हाय बघा हा! सतरा वनस्पती. आणि खालचा पट्टा बघा, कुठला रंग?"

मामांनी टूबेची शेपटी डोळ्यांजवळ नेली. "हिरवा."

"हिरवा म्हणजे निव्वळ नैसर्गिक. आता वहिनींची बघा."

माझ्या टूबेच्या शेपटीवर काळा चौकोन होता. मामांनी ती टूब दोन बोटांच्या चिमटीत धरली.

"काळा म्हणजे निव्वळ केमिकल," दाजी हळहळून म्हणाले. "मोबाईलवर मेसेज आलाय सगळीकडं. वहिनींना बिचाऱ्यांना कुठलं माहीत असणार."

"तो रंग कंपनीत मशिनसाठी असतो," सुकुमार पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. ते पॅकिंगचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात होते. "टूब कुठं कापायची ते मशिनला कळावं म्हणून खूण छापतात. आमच्याकडं रोज—"

"तू मशिनचं बोलू नकोस, दाताचं बोल," मामा म्हणाले. सुकुमारना दाताचं काही बोलायचं नव्हतं. ते पुन्हा पेपरात गेले.

"आणि हे बघा काय लिहिलंय. फ्लोराइड!" मामांनी माझी टूब उंच धरली. "यवतमाळकडं पाण्यात हेच असतं. दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. हे विष सन्मती रोज तोंडात घालते."

मी म्हटलं, "मामा, ते पोटात जाऊन होतं. पेस्ट आपण थुंकतो ना?"

"सगळी थुंकतेस? मोजून?"

मी कधी मोजली नव्हती.

मग प्रयोग ठरला. असा प्रयोग अंड्याच्या टरफलावर करतात, असं दाजींनी कुठेतरी वाचलं होतं. पण आम्ही जैन, आमच्या घरात अंड्याचं नावही कुणी घेत नाही. दाजींनी घेतलं, तर आत्यांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. शेवटी देवघर बांधताना उरलेले संगमरवराचे तुकडे मामांनी माळ्यावरून काढले. प्रत्येक तुकड्याला एकेक पेस्ट फासली, एक तुकडा तसाच ठेवला, आणि आत्यांच्या पूजेच्या वाट्या घेऊन त्यात लिंबाचा रस पिळून तुकडे बुडवले. कुठली पेस्ट तुकडा वाचवते ते दुपारी कळणार होतं.

"लिंबं डाळीसाठी आणली हुती," आत्या म्हणाल्या.

"एक दिवस डाळ आंबट नसली तर चालेल," मामा म्हणाले. "इथं पिढ्यांचा प्रश्न आहे."

आत्या पुन्हा ओट्याकडे वळल्या. त्या तशाही फार बोलत नसत. लग्नाआधी मला कुणीतरी घाबरवलं होतं की त्रिशलाबाई मगदूम फटकळ आहेत, तोंडाळ आहेत, जपून राहा. मी आले तर घरात ही शांत बाई. मामा अभिमानानं सांगत, "तरुणपणी फार बोलायची. आता निवळली. मी म्हणायचो ना, वयानं माणूस परिपक्व होतो." देवळातल्या बायका तर आत्यांना वाकून नमस्कार करायच्या. मागच्या चातुर्मासात आत्यांनी तिखट सोडलं होतं आणि चातुर्मास संपल्यावरही पुन्हा धरलं नव्हतं. बोलणं कमी, तिखट वर्ज्य. हळूहळू गावात आत्यांना तपस्विनीचा मान मिळायला लागला होता.

दुपारी जेवताना दाजींनी तोच विषय काढला. मिरचीचा खर्डा भाकरीला लावत ते म्हणाले, "आत्या, तुमचा निग्रह मोठा. आम्हाला एक दिवस जमायचं न्हाई."

आत्या सगळ्यांचं झाल्यावर बसत. दुधात भाकरी कुस्करून, ती मऊ होईपर्यंत थांबून, चमच्याच्या टोकानं खात. नंतर केळं खायचं तर सुरीनं बारीक काप करून. मला ते नीटनेटकं वाटायचं. मी माझ्या आईला फोनवर सांगितलंसुद्धा होतं, सासूबाई केळंही किती देखणं खातात.

जेवण झाल्यावर वाट्या पुढे आल्या. सगळे तुकडे सारखेच निस्तेज झाले होते. लवंगवाला, निळा, पांढरा, सतरा वनस्पतींचा आणि काहीच न लावलेला. पेस्ट रसात विरघळून वाट्यांच्या तळाशी चिखल झाला होता.

दाजी सावरून म्हणाले, "आमची पेस्ट जिवंत दातावर चालती, मामा. दगडावर कशी चालंल? सतरा वनस्पतींना बी जीव असतोय."

कुणालाही वाटेल की इथे विषय संपला. पण मामांना हा मुद्दा पटला.

"बरोबर आहे. नमुना चुकला. दात तपासायचे तर तोंडातले तपासले पाहिजेत. कुठल्या पेस्टीनं कुणाचे दात कसे ठेवलेत, ते प्रत्यक्ष बघू. सुकुमार, टॉर्च आण."

मग बाहेरच्या सोप्यावर खुर्ची मांडली गेली. मामा एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात स्टीलचा चमचा घेऊन उभे राहिले. पहिल्यांदा सुकुमार बसले. "आ कर. अजून. जीभ आत घे." निकाल मध्यम लागला. नंतर दाजी बसले. सतरा वनस्पतींनी त्यांचे दात विटकरी रंगाचे ठेवले होते.

"पान खाता काय पाव्हणं?"

"कधीतरी. लग्नाबिग्नात."

"रोज लग्नाला जाता वाटतं."

दाजी तोंड मिटून उठले. आता माझी पाळी होती. मामा टॉर्च घेऊन वळले आणि थबकले. सासऱ्यानं सुनेच्या तोंडात टॉर्च मारून बघणं त्यांच्या विज्ञानालाही झेपेना.

"तुम्ही दोघी आत जा," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "एकमेकींचं बघा आणि मला सांगा. रंग, कीड, हिरड्या. नीट बघायचं."

आम्ही स्वयंपाकघरात आलो. मला हसू आवरत नव्हतं. आत्यांनाही थोडं आलं असावं. त्यांनी मला खिडकीशी उभं केलं, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि टॉर्चशिवायच बघितलं.

"चांगलं हाईत की गं. काळ्या पट्ट्यानं काय वाईट केलं न्हाई."

"आता तुमचं."

"माझं काय बघतीस. म्हातारपणचं तोंड."

"मामा विचारतील, आत्या. पटकन बघते."

त्यांनी गालातून सुपारीचं खांड काढलं आणि ओट्यावर ठेवलं. सुपारी त्यांच्या गालात कायमच असे. मी टॉर्च लावला.

"उघडा की."

"उघडलंय."

मला वाटलं, संकोचतायत. माझ्याहून मोठ्या बाईला तोंड उघडा म्हणायचं म्हणजे मलाही अवघडल्यासारखं झालं होतं. "थोडं अजून, आत्या."

"एवढंच उघडतंय."

दातांच्या दोन ओळींमधे माझं एक बोट कसंबसं गेलं असतं. मी चमचा घेतला. आडवा आत गेला, पण गाल सारायला फिरवला तर फिरेना. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, तरी त्या हलल्या नाहीत. फटीतून उजेड टाकून बघितलं, तर गालाच्या आतली बाजू लालगुलाबी नव्हतीच. तापवलेल्या दुधावर साय धरावी तशी ती पांढुरकी आणि ताणलेली दिसत होती, आणि मागे एका जागी पांढरा जाड चट्टा होता.

माझं हसू गेलं.

"कधीपासून असं?"

"झालं की, वरीस-दोन वरीस. वयानं होतं तसं."

"दुखतं?"

"दुखतंय कसलं. ओढ बसती. तिखट झोंबतंय, आग आग हुती. गरम चहाबी."

"मग तो नियम? तिखट सोडल्याचा?"

आत्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "देवळात बायका जेवताना विचाराय लागल्या, त्रिशलाबाई, तिखट सोडलं का? मी व्हय म्हटलं. काय सांगू? ह्यांनी ऐकलं, ह्यांनी आणि चार जणांना सांगितलं. मग मला न्हाई म्हणाय येईना."

"आणि बोलणं?"

"बोलाय गेलं की गाल ओढतो. लांब बोलणं जमत न्हाई. मग बोलायचंच कशाला?"

त्या हे इतक्या साधेपणानं म्हणाल्या, जणू पावसाळ्यात दार फुगतं आणि नीट लागत नाही, तसं काहीतरी सांगत होत्या.

"आत्या, डॉक्टरांना दाखवायला पाहिजे."

माझं मनगट त्यांनी एकदम धरलं. चांगलं घट्ट. "सन्मती, ह्यातलं काय सांगायचं न्हाई. आमच्या गल्लीतल्या कलव्वाचं असंच झालं. मिरजेला न्हेलं, गाल चिरला, आणि सा म्हयन्यात गेली. कळलं न्हाई तवर बरी हुती ती. तू भायेर जा आणि सांग, समदं चांगलं हाय."

बाहेरून मामांचा आवाज आला. "काय झालं? एवढा वेळ कशाला? बत्तीसच दात असतात!"

आत्यांनी माझं मनगट सोडलं. ओट्यावरचं खांड उचललं, पुन्हा गालात ठेवलं आणि लिंबाच्या चिखलाच्या वाट्या घासायला घेतल्या. त्यांच्या दृष्टीनं बोलणं संपलं होतं.

मी दारात उभी राहिले. घरात मी सगळ्यांत नवी होते. सासूनं सांगू नको म्हणून बजावलेली गोष्ट फोडली, तर त्या माझ्याशी पुढे कशा वागतील मला माहीत नव्हतं. नाही फोडली, तर काय होईल, ते त्यांनी स्वतःच कलव्वाचं नाव घेऊन सांगितलं होतं.

मी सोप्यावर गेले आणि म्हणाले, "मामा, आत्यांचं तोंड उघडत नाही."

मग मामा हसले. मनापासून, खांदे हलवून हसले. "अगं, हे तर फार चांगलं झालं की!"

दाजींनी मांडीवर थाप मारली. "कुठली पेस्ट वापरली विचारा, वहिनी! आमच्या घरी दोन डझन लागतील!"

सुकुमारही पेपराआड हसले. मला अजून तो पेपर थरथरताना दिसतो.

"मी खरं सांगतेय," मी म्हणाले. "एक बोट कसंबसं जाईल आत. आतून सगळं पांढरं झालंय. त्या तिखट खात नाहीत, कारण त्यांना खाता येत नाही. त्या बोलत नाहीत, कारण बोलता येत नाही."

दाजींचा हात मांडीवरच राहिला. माझ्यामागे पावलं वाजली. आत्या आल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. ओला हात पदराला पुसत त्या सरळ तपासणीच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

"सांगितलंच हाय तर बघा," त्या म्हणाल्या. "माझंबी तपासा."

मामांनी टॉर्च लावला. आत्यांनी जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडलं. मामा वाकून बघत राहिले. त्यांनी एकदा कोन बदलला, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं. प्रयोगशाळेत जन्म काढलेला माणूस. नमुना बिघडला आहे हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"कुठली पेस्ट वापरत होतीस तू?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुमच्या समद्यांची," आत्या म्हणाल्या. "तुमची संपली की तुमची, पोराची संपली की पोराची."

"त्यामुळंच! मिसळ झाली. मी म्हणत होतो—"

"आत्या, आजपासनं आमची सुरू करा," दाजींनी हिरवी टूब पुढे केली. "ह्यात हळद हाय, सगळं भरून निघतंय."

"दाजी," सुकुमार पेपर खाली ठेवून म्हणाले, "ती टूब बॅगेत ठेवा."

नेमस्त माणसाचा आवाज चढला नाही तरी लागतो. दाजींनी टूब बॅगेत ठेवली, चेन लावली आणि थोड्या वेळानं, पतसंस्थेचं काहीतरी काम आठवून, निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मामांनी गाडी काढली आणि आम्ही मिरजेला गेलो. रस्ताभर आत्या माझ्याशी बोलल्या नाहीत. डॉक्टर नाझनीन मुजावर तरतरीत, भराभर बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आत्यांना खुर्चीत बसवलं, दोन्ही गाल बाहेरून-आतून बोटानं चाचपले आणि विचारलं, "सुपारी किती वर्षं खाताय, आजी?"

सुपारीचं नाव आम्ही कुणी काढलंच नव्हतं.

"सुपारी?" मामा म्हणाले. "सुपारीचा काय संबंध? आम्ही टूथपेस्टबद्दल—"

"टूथपेस्टनं हे होत नाही. सुपारीनं होतं. गालाची आतली कातडी आवळत जाते, दोरीसारखी ताठ होते. तोंड उघडणं कमी होत जातं. मागच्या चट्ट्याचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवते. आजची तारीख धरून सुपारी बंद."

"पण ती तर साधी सुगंधी सुपारी," मामा म्हणाले. "तंबाखू नाही, काही नाही. देवापुढं ठेवतो आपण. हळदीकुंकवाला देतो."

"देवानं खाल्लेली मी बघितली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आजी, कधीपासून?"

"लगीन झाल्यापासनं."

मामांना आता दोष सापडला होता आणि दोष सापडला की त्यांना माणूस लागे. "लग्नापासून? आणि मला माहीत नाही? कुठल्या मूर्खानं तुला ही सवय लावली?"

आत्यांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"तुमी."

"मी?"

"लगीन होऊन म्हयनाबी झाला नव्हता. तुमी म्हणाला, तुझ्या तोंडाला वास येतो, जवळ बसून बोलू नको. दुसऱ्या दिवशी संघातनं येताना सुपारीची पुडी घेऊन आला. म्हणाला, ही धर गालात." बोलताना त्यांचा गाल ओढत होता, त्या थांबल्या, आवंढा गिळला आणि पुढे बोलल्या. "तवापासनं धरली. एक दिवस सोडली न्हाई. झोपताना तेवढी काढायची."

डॉक्टरांनी हातमोजे काढले.

"मला आठवत नाही," मामा म्हणाले.

"तुमाला कशाला आठवंल."

डॉक्टरांनी कागदावर गोळ्या लिहिल्या. मामांनी तो कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग, बहुधा काहीतरी बोलायला हवं म्हणून, त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, मग हिच्यासाठी योग्य टूथपेस्ट कुठली?"

डॉक्टरांनी वर बघितलं. त्या रागावल्या नाहीत. "फ्लोराइड असलेली कुठलीही. झोंबणारी नको, पुदिना-लवंग तीव्र असेल ती टाळा. खसखसून दात पांढरे करणारी नको. वाटाण्याएवढी घ्यायची, मऊ ब्रशनं दोन वेळा घासायचं, थुंकायचं. टूबेवरच्या पट्ट्याचा रंग बघू नका, तो छपाईचा असतो."

एवढंच होतं ते. आदल्या दिवशी सबंध घरानं, चार टूबांनी आणि देवघराच्या संगमरवरानं जे शोधलं होतं, ते सांगायला डॉक्टरांना चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. चट्ट्याचा तुकडा तपासून आला; कॅन्सर नव्हता. होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. कित्येक आठवडे आत्यांच्या गालात इंजेक्शनं दिली. दातांमधे लाकडी पट्ट्या सरकवून, दर काही दिवसांनी एक पट्टी वाढवून, त्या सकाळ-संध्याकाळ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बसत. सुपारी सोडताना त्या पहिले काही दिवस सगळ्यांवर खेकसल्या आणि माझ्यावर जास्त. तोंड पूर्ण कधीच उघडलं नाही. पण खर्डा सोडला तर बाकीचं जेवण परत आलं, आणि बोलणंही आलं. मला लग्नाआधी ज्यांच्याविषयी घाबरवलं होतं, त्या त्रिशलाबाई मगदूम मला लग्नानंतर वर्षभरानं भेटल्या. देवळातल्या बायकांनी वाकून नमस्कार करणं सोडलं. मामा म्हणत, बाई पुन्हा बिघडली. पण हे ते आत्या घरात नसताना म्हणत.

मला मात्र सगळ्यांत जास्त आठवतं ते त्या सोमवारचं. दवाखान्यातून निघालो आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या मेडिकलसमोर मामांनी गाडी थांबवली. रस्ता रहदारीचा होता. इंजिन चालू ठेवून ते म्हणाले, "सन्मती, पळत जा आणि एक टूब घेऊन ये. इथं गाडी लावू देत नाहीत."

मी दार उघडायच्या आत आत्यांनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"मी जाती."

"तू? तुला काय कळणार त्यातलं?"

आत्या उतरल्यासुद्धा. मी त्यांच्यामागे गेले. त्या दुकानात शिरल्या आणि काउंटरशी उभ्या राहिल्या. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्या स्वतःसाठी असं काही मागत होत्या. कसं मागतात तेच त्यांना माहीत नव्हतं.

"दात घासायची पेस्ट द्या," त्या म्हणाल्या.

"कुठली, आजी?"

"काय काय हाय?"

दुकानदारानं एकेक खोका काउंटरवर मांडायला सुरुवात केली. आत्या प्रत्येक खोका हातात घेत, फिरवून बघत, खाली ठेवत. एकदा त्यांनी माझ्याकडे खोका केला आणि म्हणाल्या, "डॉक्टर म्हणल्या ते ह्यात लिवलंय का बघ." सकाळपासून माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी वाचून म्हटलं, लिहिलंय. "मग ही झोंबती का?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. "मग दुसरी दाखवा."

बाहेर हॉर्न वाजला. आत्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. लहान मुलांची एक फिकट गुलाबी टूब त्यांनी मागवली, दुकानदाराची परवानगी घेऊन झाकण उघडलं, वास घेतला. वास त्यांना आवडला असावा. त्यांनी परत एकदा घेतला. मग ती बाजूला ठेवून दुसरी उचलली.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबवून.

आत्या वळल्या. ओरडणं त्यांना शक्य नव्हतं. त्या चालत दुकानाच्या पायरीपर्यंत गेल्या, गाडीकडे बघितलं आणि जेवढं तोंड उघडत होतं तेवढं उघडून, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाल्या,

"थांबा. मी अजून बघालीया."

आणि परत आत येऊन काउंटरशी उभ्या राहिल्या. बाहेर तिसरा हॉर्न वाजला नाही. मग मामांनी गाडी पुढे घेऊन कडेला लावली आणि इंजिन बंद केलं.